न्यायालयाचे जवळपण : इंग्लंडची कौंटी कोर्टे आणि खानदेशातील लहान दावे

१. प्रश्नाचे स्वरूप

शहाद्याला लागून असलेले लोणखेडा हे गाव तापीच्या उत्तरेस, गोमाईच्या काठच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. १९०६ पर्यंत हा सर्व मुलूख अखंड खानदेश जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर तो पश्चिम खानदेशात गेला, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून त्या जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकात येथील कुळावर सावकाराने दावा लावला, आणि त्याचा शेवट जिल्हा न्यायालयात झाला, तर कुळास तापी ओलांडून धुळ्यास जावे लागे. पावसाळ्यात, बिनपुलाच्या नदीच्या काळात, ह्या प्रवासाचा अर्थ काय होता, हे त्या भागातील मनुष्यास सांगावयास नको.

न्यायालय प्रजेच्या जवळ असावे, हे तत्त्व सर्व काळांतील राज्यकर्त्यांनी तोंडाने मान्य केलेले आहे. परंतु ‘जवळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक अर्थ कोसांचा आहे : वादी-प्रतिवादींस किती चालावे लागते, किती दिवस मोडतात, खर्च किती येतो. दुसरा अर्थ ज्ञानाचा आहे : निवाडा देणाऱ्यास त्या गावाची, त्या व्यवहाराची, त्या माणसांची कितपत माहिती आहे. इंग्लंडातील कौंटी कोर्टाच्या दीर्घ इतिहासात हे दोन्ही अर्थ प्रथम एकत्र होते आणि पुढे वेगळे झाले. महाराष्ट्रात, विशेषतः खानदेशात, हीच फारकत अधिक वेगाने आणि अधिक किंमत देऊन झाली. ह्या दोन इतिहासांची तुलना केल्यास लहान कर्जाच्या दाव्यातून जमिनी कशा गेल्या, ह्या प्रश्नावर काही प्रकाश पडतो.

२. जुनी शायर-सभा

इंग्लंडची विभागणी ज्या परगण्यांत झालेली होती त्यांस अँग्लो-सॅक्सन काळी ‘शायर’ म्हणत. नॉर्मन विजयानंतर ‘कौंटी’ हे नाव रूढ झाले. दहाव्या शतकात राजा एडगर ह्याच्या कायद्याप्रमाणे शायरची सभा वर्षातून दोन वेळा भरावी आणि तीत बिशप व एल्डरमन ह्या दोघांनी बसून धर्माचा व लोकांचा न्याय सांगावा, असा नियम होता. १०६६ नंतर विल्यम राजाने धर्मविषयक दावे स्वतंत्र केले, एल्डरमनचे स्थान राजाच्या शेरिफने घेतले, आणि सभा वारंवार भरू लागली. ती इतकी वारंवार भरू लागली की लोकांस हजेरीचाच जाच होऊ लागला. म्हणून १२१७ साली मॅग्ना कार्टाची जी नवी आवृत्ती निघाली, तीत कौंटी कोर्ट महिन्यातून एकापेक्षा अधिक वेळा भरवू नये, आणि जेथे याहून दीर्घ अंतराची चाल असेल तेथे ती तशीच चालू ठेवावी, असे कलम घालण्यात आले.

ह्या न्यायालयाची रचना आजच्या वाचकास चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. शेरिफ अध्यक्षस्थानी बसे. परंतु निवाडा तो देत नसे. निवाडा देत ते सभेस हजर राहण्याचे बंधन असलेले जमीनधारक. हे बंधन जमिनीस चिकटलेले असे. अमुक शेत ज्याच्याकडे त्याने सभेस जावे, असा त्याचा अर्थ. हे जमीनधारक प्रथम इतकेच ठरवीत की पुरावा कोणी द्यावा आणि कोणत्या रीतीने द्यावा. अनेकदा प्रतिवादीने शपथ घ्यावी आणि त्याच्या शपथेच्या खरेपणाबद्दल ठराविक संख्येच्या शेजाऱ्यांनी शपथ घ्यावी, एवढ्यावर काम भागे. बाहेरून पाहणाऱ्यास ही रीत भाबडी वाटेल. परंतु ज्या गावात सर्व जण एकमेकांस ओळखतात, तेथे खोट्या मनुष्यास अकरा शेजारी मिळविणे सोपे नव्हते.

सभेचे दप्तर बहुधा तिच्या सभासदांची स्मृती हेच असे. निवाडा चुकीचा आहे अशी तक्रार राजाच्या न्यायालयात गेली, तर कौंटीतील चार नाईट तेथे जाऊन आपल्या सभेत काय घडले ते तोंडी सांगत. आणि निवाडा खोटा ठरला तर दंड सबंध कौंटीवर बसे. न्यायाची जबाबदारी सामुदायिक होती, हे यावरून स्पष्ट होते.

१०७२ च्या सुमारास केंट परगण्यात पेनेन्डन हीथ येथे भरलेली सभा ह्या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक ह्याने राजाचा सावत्र भाऊ ओडो ह्याच्यावर देवस्थानाच्या जमिनी बळकावल्याचा आरोप केला होता. सभा तीन दिवस चालली. आणि जुनी वहिवाट सांगण्यासाठी एथेलरिक नावाच्या वयोवृद्ध बिशपास गाडीत घालून आणण्यात आले होते. जिंकणारे नॉर्मन होते, परंतु त्यांनाही जमिनीचा वाद सोडविण्यासाठी स्थानिक म्हाताऱ्याची आठवण लागली.

तथापि ह्या सभेस आदर्श मानण्याचे कारण नाही. तीत स्वतंत्र जमीनधारकांसच स्थान होते. धन्याच्या जमिनीस जखडलेल्या कुळास ह्या सभेत निवाडा देण्याचा अधिकार नव्हता, आणि धन्याविरुद्धच्या त्याच्या गाऱ्हाण्यास तेथे दाद नव्हती.

३. ऱ्हास आणि पुनर्घटना

कौंटी कोर्टाच्या ऱ्हासाची कारणे दोन. पहिले, राजाची न्यायालये अधिक खात्रीची ठरली. त्यांच्याजवळ लेखी दप्तर होते, ज्यूरीची पद्धती होती आणि हुकूम बजावण्याचे बळ होते. दुसरे कारण पैशाच्या मूल्याचे. १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यापासून चाळीस शिलिंगांपर्यंतचेच दावे कौंटी कोर्टात चालावेत, अशी मर्यादा रूढ झाली. तेराव्या शतकात चाळीस शिलिंग ही भरीव रक्कम होती. पुढील शतकांत पैशाचे मोल उतरत गेले, मर्यादा मात्र तीच राहिली. अठराव्या शतकाच्या सुमारास हे प्राचीन न्यायालय जवळजवळ नावापुरते उरले. लहान कर्जाच्या वसुलीसाठी अनेक शहरांनी खास कायदे करवून घेऊन ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’ नावाची न्यायालये काढली. त्यांत स्थानिक व्यापारी व प्रतिष्ठित गृहस्थ निवाडे देत.

१८४६ साली पार्लमेंटने लहान कर्जांच्या वसुलीचा जो कायदा केला त्याने कौंटी कोर्ट हे जुने नाव घेऊन अगदी नवी संस्था उभी केली. इंग्लंड व वेल्स ह्यांचे साठ मंडळांत विभाजन झाले. प्रत्येक मंडळास एक न्यायाधीश. आणि त्याने फिरत राहून सुमारे पाचशे गावी न्यायालय भरवावे, अशी व्यवस्था झाली. न्यायाधीश हा सात वर्षे मुरलेला बॅरिस्टर असावा, असा दंडक होता. वीस पौंडांपर्यंतचे दावे त्याच्यापुढे चालत. १८५० साली ही मर्यादा पन्नास पौंड झाली. पक्षकारांनी मागणी केल्यास पाच जणांची ज्यूरी बसे, परंतु अशी मागणी क्वचित होई. कार्यालयाचे काम लेखनाधिकारी पाही आणि समन्स व जप्ती बेलिफ बजावी.

कोसांच्या अर्थाने हे न्यायालय जुन्या सभेहूनही लोकांच्या जवळ आले. ज्ञानाच्या अर्थाने मात्र ते दूर गेले. शेजाऱ्यांच्या जागी आता फिरता कायदेपंडित आला. कोर्टात येणारे वादी बहुसंख्येने दुकानदार आणि उधारीवर माल देणारे फेरीवाले असत, तर प्रतिवादी बहुसंख्येने मजूर. १८६९ च्या कायद्याने कर्जासाठी तुरुंग ही शिक्षा सामान्यतः रद्द झाली. परंतु ऐपत असून पैसे न देणाऱ्यास सहा आठवड्यांपर्यंत कैद देण्याचा अधिकार राहिला, आणि कौंटी कोर्टांनी तो सढळपणे वापरला. गरिबास स्वस्त न्याय देण्यासाठी निघालेली संस्था पुष्कळ अंशी गरिबाकडून वसुली करणारी कचेरी झाली, अशी टीका इंग्लंडातच होत राहिली. हे न्यायालय पुढेही टिकले. २०१४ पासून इंग्लंड व वेल्समधील सर्व कौंटी कोर्टे मिळून एकच न्यायालय मानण्यात येते.

४. गोतसभा आणि पंचायत

मराठी मुलखातील जुनी न्यायपद्धती आणि इंग्लंडची शायर-सभा ह्यांतील साम्य लक्षणीय आहे. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावचे मिरासदार बसत. परगण्याच्या पातळीवर देशमुख-देशपांडे सामील होत. वादी व प्रतिवादी प्रथम निवाडा मान्य करू असे लेखी कबूल करीत. ह्या कबुलीसच त्या काळी ‘राजीनामा’ म्हणत. मग जामीन घेतला जाई. दोन्ही पक्षांची तकरीर लिहून घेतली जाई, साक्षी तपासल्या जात, आणि अखेर महजर किंवा निवाडपत्र होई. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. कुणब्याचा नांगर, सुताराची अवजारे, अशा आकृत्या आजही जुन्या कागदांवर पाहावयास मिळतात. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ सरकारात जमा होई. विठ्ठल त्रिंबक गुणे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात ह्या रीतीचे सविस्तर विवेचन आहे.

कर्जाच्या बाबतीत मात्र सरकार फारसे पडत नसे. सावकार स्वतः ‘तकाजा’ करी : कुळाच्या दारी बसे, माणूस बसवी, प्रसंगी धरणे धरी. ह्या रीतीत जुलूम होता; परंतु त्यास एक मर्यादाही होती. सावकारास त्याच गावात राहावयाचे होते आणि गावाचे मत त्यास पूर्णपणे झुगारता येत नसे. कुळाची जमीन विकून घेण्यास सरकारचा शिपाई त्याच्या मदतीस येईल, अशी खात्री त्यास नव्हती. शिवाय व्याज मुदलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम लोकमान्य होता.

ह्या पद्धतीचे दोषही उघड आहेत. पंच जमण्यास महिने लागत; निकाल अंमलात येईलच असे नसे; आणि वतनदार हाच पंच असल्यामुळे त्याच्याविरुद्ध दाद मिळणे कठीण होते. अस्पृश्य मानलेल्या जातींस किंवा डोंगरातील भिल्लांस सभेत बरोबरीचे स्थान नव्हते. शायर-सभेत जशी बंधनातील कुळे बाहेर राहिली, तशीच येथेही समाजाची खालची थरे बाहेर राहिली.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याची तेथे राजकीय एजंट म्हणून नेमणूक झाली. त्याचा वरिष्ठ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे सर्व दोष मांडले, आणि तरीही ती टिकवावी असा अभिप्राय दिला. सरकारी न्यायाच्या अभावीही हा देश सुस्थितीत राहिला, याचे श्रेय त्याने गावाच्या ह्या व्यवस्थेस दिले. एवढा स्पष्ट अभिप्राय असूनही पंचायत टिकली नाही. हे का झाले, ते पुढील कायद्यांवरून समजते.

५. नवीन दिवाणी न्यायालये

१८२७ च्या मुंबई इलाख्याच्या संहितेने, जी ‘एल्फिन्स्टन कोड’ ह्या नावाने ओळखली जाते, दिवाणी न्यायालयांची उतरंड निश्चित केली. कायदा नसेल तेथे देशाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्‌सद्विवेक, असा क्रम तीत सांगितला होता. व्याजावर दरसाल दर शेकडा बारा अशी मर्यादाही ह्या संहितेत होती. पंचायत ही आता पक्षकारांच्या खुषीची लवाद-व्यवस्था राहिली. ज्याचा पुरावा लेखी आणि ज्याच्या हाती रोखा, तो पक्षकार स्वखुषीने पंचांकडे कशास जाईल? संस्था कोणी मोडली नाही. तिच्याकडे येण्याचे कारण तेवढे नाहीसे झाले.

पुढील चाळीस वर्षांत चार बदल एकामागून एक झाले. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजावरील मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आली. त्यामुळे सावकार दर तीन वर्षांस व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्याच वर्षीच्या दिवाणी कामकाजाच्या संहितेने जप्ती, लिलाव आणि ऋणकोची अटक यांची एकसारखी पद्धती घालून दिली. आणि १८६५ च्या ११ व्या कायद्याने मोफसलात ‘स्मॉल कॉज कोर्ट’ स्थापण्याची तरतूद झाली. ह्या कोर्टात सामान्यतः पाचशे रुपयांपर्यंतचे दावे झटपट चालत आणि त्यांवर अपील नसे. हे कोर्ट इंग्लंडातील १८४६ च्या कौंटी कोर्टाचे भावंड होते. लहान रक्कम, थोडा खर्च, आटोपशीर चौकशी आणि एकच न्यायाधीश ही सर्व लक्षणे दोहोंत सारखी आहेत. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश ही रचना कायम केली. जेथे स्वतंत्र स्मॉल कॉज कोर्ट नव्हते तेथे सर्व लहान दाव्यांचा भार ह्या दुय्यम न्यायाधीशांवरच पडे.

इंग्लंडात आणि येथे एक मोठा फरक होता. इंग्लंडातील मजुराजवळ बहुधा जमीन नव्हती. कौंटी कोर्टाच्या हुकूमनाम्याने त्याच्या घरातील सामान जाई, मजुरीतून हप्ते कापले जात, क्वचित तो कैदेत जाई. खानदेशातील कुळाजवळ जमीन होती. रयतवारी पद्धतीत सर्व्हे-नंबर कुळाच्या नावावर लागला, आणि तो गहाण टाकण्यास व विकण्यास मोकळा झाला. स्मॉल कॉज कोर्ट स्वतः स्थावराचा लिलाव करू शकत नसे. परंतु तोच हुकूमनामा दुसऱ्या दिवाणी न्यायालयाकडे पाठवून जमिनीपर्यंत पोचता येत असे. एकाच साच्याची संस्था दोन देशांत दोन निराळे परिणाम घडवू लागली, ती ह्या एका कारणाने.

६. दाव्याची वाटचाल

त्या काळी लहान कर्जाचा दावा कसा चाले, हे क्रमाने पाहणे उपयुक्त आहे. कुळाने बियाण्यासाठी किंवा लग्नासाठी कर्ज काढले. रोखा सावकाराच्या कारकुनाने लिहिला. कुळाने निशाणी किंवा अंगठा केला. हप्ते बहुधा धान्याच्या किंवा कपाशीच्या रूपाने गेले आणि त्यांची नोंद केवळ सावकाराच्या वहीत राहिली. मुदत भरत आली की दावा दाखल होई. समन्स कुळास मिळे किंवा मिळाल्याचा शेरा पडे. सुगीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत न्यायालयाच्या गावी जाणे म्हणजे कामाचे दिवस मोडणे. वकिलास फी द्यावयाची ती आणखी कर्ज काढून. शिवाय रोख्यावरील निशाणी खरी होती. ती नाकारता येत नव्हती. त्या निशाणीमागचा व्यवहार कसा झाला, हे विचारण्यास न्यायालय कायद्याने बांधलेले नव्हते. परिणामी कुळ बहुधा गैरहजर राही आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

येथे न्यायाधीश अप्रामाणिक होता असे नव्हे. तो बहुधा सुशिक्षित, नेमस्त आणि कायद्यास धरून चालणारा मनुष्य असे. त्याच्यापुढे कागद होता, आणि त्या कागदास उत्तर देणारा कोणी नव्हता. गोतसभेतील कुणब्यास जे आपोआप ठाऊक असते, म्हणजे अमुक वर्षी पाऊस पडला नाही, अमुक बैल सावकाराने नेला, अमुक कर्ज वडिलांच्या वेळचे आहे, ते ह्या न्यायाधीशास कळण्याचा मार्गच नव्हता. शायर-सभेतील शेजारी स्मृतीवर न्याय करीत. हा न्यायाधीश अक्षरावर न्याय करी. अक्षर एकाच पक्षाच्या हाती असलेल्या समाजात त्याचा अर्थ काय होतो, हे लवकरच दिसून आले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी मुख्यत्वे सावकारांजवळचे रोखे व हुकूमनामे मागितले आणि जाळले. माणसांवर हल्ले तुलनेने थोडे झाले. शेतकऱ्यांचा राग कोणत्या वस्तूवर होता, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने दिवाणी न्यायालयांच्या कारभाराचा, विशेषतः एकतर्फी हुकूमनाम्यांचा, विचार केला. आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून दिलासा देणारा १७ वा कायदा झाला.

७. १८७९ चा कायदा : जवळपणाचा पुनर्विचार

ह्या कायद्याची कलमे पाहिली असता असे दिसते की, त्याच्या कर्त्यांनी ‘जवळ’ ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानात घेतले होते. शेतकऱ्यावरील दावा तो राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयातच लावावा. प्रतिवादीस शक्यतो साक्षीदार म्हणून स्वतः तपासावे. रोखा कबूल असला तरी व्यवहाराचा इतिहास आरंभापासून पाहावा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. गहाण नसलेली जमीन पैशाच्या हुकूमनाम्यावरून जप्त करू नये. शेतकऱ्यास कर्जासाठी अटक करू नये. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुन्सफ, दाव्यापूर्वी समेट घडविण्यासाठी सलोखा-अधिकारी, आणि दस्त समक्ष लिहून घेण्यासाठी ग्रामनिबंधक नेमण्यात आले. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत परवानगीवाचून वकिलास मनाई होती. ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. महादेव गोविंद रानडे ह्यांनी ह्या कायद्याच्या अंमलबजावणीत प्रथम साहाय्यक म्हणून आणि पुढे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. १८९३ साली त्यांची मुंबई उच्च न्यायालयात नेमणूक झाली.

गावमुन्सफाच्या रूपाने कायदा गोतसभेकडे एक पाऊल मागे गेला असे म्हणता येईल. परंतु ते पाऊल फार लहान होते. दहा रुपयांच्या दाव्याने कोणाची जमीन जात नव्हती. जी जमीन घेऊन जात ती कर्जे गावमुन्सफाच्या कक्षेबाहेर राहिली. सलोख्याची पद्धती पुढे एक औपचारिक पायरी होऊन बंद पडली. सावकारानेही मार्ग काढला : गहाणखताऐवजी तो विक्रीखतच लिहून घेऊ लागला. तेव्हा दस्त विक्रीचा दिसला तरी तो मुळात गहाणाचा आहे की काय, हे तोंडी पुराव्याने पाहण्याची मुभा देणारे कलम नंतर घालावे लागले.

खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चारच जिल्ह्यांस लागू होता. त्यातील मुख्य कलमे उरलेल्या इलाख्यास १९०५ साली लागू झाली. मधली पंचवीस वर्षे म्हणजे गोमाई-तापीच्या खोऱ्यात कपाशीचा व्यापार आणि जमिनीची किंमत वाढण्याची वर्षे होत. ज्या काळात जमीन घेण्याजोगी झाली, नेमक्या त्याच काळात येथील कुळास त्या कायद्याचे संरक्षण नव्हते.

८. डोंगर आणि सपाटी

शहाद्याच्या उत्तरेस व पश्चिमेस सातपुड्यात चित्र निराळे होते. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्याने काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर ह्या सहा मेवासी प्रमुखांची गावे सर्वसाधारण कायद्यांच्या आपोआप अंमलाबाहेर ठेवली. तेथे नेहमीच्या दिवाणी न्यायालयाची रीत चालत नसे. लोकांचे तंटे पुष्कळसे त्यांच्या पंचांपुढे मिटत. हे अपवादाचे धोरण राज्यकर्त्यांनी मुख्यतः शांततेसाठी पत्करले होते. परंतु त्यामुळे तेथील जमीन दिवाणी हुकूमनाम्याच्या आवाक्याबाहेर राहिली.

सपाटीवरील भिल्लास हा आडोसा नव्हता. तो त्याच वंशाचा आणि त्याच भाषेचा. परंतु त्याची जमीन रयतवारी नोंदीत होती आणि म्हणून दिवाणी न्यायालयाच्या हद्दीत होती. न्यायालयाची भाषा त्याची नव्हती, लिपी त्यास येत नव्हती, आणि गावाच्या जुन्या सभेतही त्यास स्थान नव्हते. अर्थात ज्ञानाच्या अर्थाने त्याच्या जवळ कोणतेच न्यायालय कधी नव्हते. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, कलेक्टरच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येणार नाही अशा शर्तीवर जमीन देण्याची तरतूद झाली. जमीन राखावयाची तर ती न्यायालयाच्या पोचेबाहेर ठेवावी, हाच विचार त्यामागे होता. १९४७ च्या मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायद्याने १८७९ च्या कायद्याची जागा घेतली. तथापि दस्तान्वये, गहाणाने किंवा नुसत्या कब्जाने गेलेल्या आदिवासी जमिनीचा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न शहादा तालुक्यात १९७१-७२ साली पुन्हा वर आला. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते ह्यांच्या पुढाकाराने आदिवासींनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या. ह्या चळवळीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : जुन्या व्यवहारांचा शोध गावोगावच्या लोकांच्या आठवणींतून घेतला गेला. कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत, कोणाच्या ताब्यात शेत गेले, हे म्हातारी माणसे सांगत. शायर-सभेत जे काम एथेलरिकने केले तेच येथे नाव नसलेल्या वृद्धांनी केले.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने अनुसूचित जमातींस जमिनी परत करण्याचा कायदा केला. तो १९७५ चा १४ वा अधिनियम म्हणून त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळातील हस्तांतरे त्याच्या कक्षेत येतात. चौकशी महसूल अधिकाऱ्याने करावयाची आहे, आणि तीत वकिलास उभे राहता येत नाही. ह्या मनाईस आव्हान देण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या डिसेंबरात लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार ह्या खटल्यात ती वैध ठरविली. १८७९ च्या कायद्यातील शंभर रुपयांच्या मर्यादेचे कलम आणि हे कलम ह्यांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंमागील अनुभव एकच आहे. दुर्बल पक्षास न्यायालयात यावयास सांगणे पुरेसे नाही. तेथे आल्यावर त्याचे बोलणे ऐकले जाईल अशी रचना करावी लागते.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून जुनी सभा चांगली आणि नवे न्यायालय वाईट, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. शायर-सभा आणि गोतसभा ह्या दोहोंजवळ ज्ञान होते. परंतु ते सभेत बसणाऱ्यांचे ज्ञान होते, आणि सभेबाहेर राहिलेल्यांस त्याचा उपयोग नव्हता. नव्या न्यायालयाजवळ समान कायदा, लेखी दप्तर आणि अपिलाचा मार्ग होता. तत्त्वतः त्याच्या दारात भिल्ल आणि सावकार सारखेच होते. ह्या समानतेचे मोल कमी लेखता येणार नाही. अंबरसिंगांच्या काळी आदिवासी जे मागत होते तेही अखेर कायद्याने आणि कागदावर मिळावे अशीच मागणी होती.

दोष होता तो एका गृहीतात. १८४६ च्या इंग्रजी कायद्याने आणि त्याच्या वळणावर आलेल्या १८६५ च्या हिंदी कायद्याने असे धरून चालले की, न्यायालय कोसांनी जवळ आले, फी कमी झाली आणि निकाल लवकर लागला, म्हणजे न्याय लोकांच्या जवळ आला. इंग्लंडात ह्या गृहीताची किंमत मजुराने हप्त्यांत आणि कैदेत मोजली. खानदेशात ती जमिनीत मोजली गेली, आणि गेलेली जमीन परत मागण्यास तीन पिढ्या लागल्या. निकाल जितका झटपट, तितका तो पुढे असलेल्या कागदावर अवलंबून. आणि कागद ज्याच्या हाती, त्याच्या तो सोयीचा.

आज शहाद्यास दिवाणी न्यायालय आहे. लोणखेड्याहून तेथे जाण्यास दिवस मोडावा लागत नाही. कोसांचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. दुसरा प्रश्न, म्हणजे न्यायासनापुढे ठेवलेल्या कागदामागचा व्यवहार न्यायासनास कसा कळावा, हा मात्र प्रत्येक दाव्यात नव्याने उभा राहतो. आणि एकोणिसाव्या शतकातील लहान दाव्यांचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजनही हेच आहे.